नवखे तगले, गावचा माणूस कोसळला: केळी पट्ट्यातल्या एका बांधकामावरचे प्रकरण

पार्श्वभूमी

रावेर-यावल पट्ट्यात केळीची धुलाई, प्रतवारी आणि खोकी भरण्यासाठी एक पॅक हाऊस उभे राहत होते. दीडशे फूट लांब, साठ फूट रुंद शेड, लोखंडी ट्रस (छत पेलणारे सांगाडे), वर पत्रे आणि खाली काँक्रीटची फरशी. मृग लागण्याआधी पत्रे चढले पाहिजेत, एवढीच मालकाची अट होती. पायाचे काम लांबले आणि ट्रस, पत्रे, फरशी ही सगळी मोठी कामे आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) पंधरवड्यात येऊन पडली. खान्देशात याहून वाईट वेळ नाही. ओळख पटू नये म्हणून इथे गाव आणि माणसांची नावे दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत.

कामावर बावीस माणसे होती. बारा जण इगतपुरी तालुक्यातल्या घाटमाथ्यावरून आलेले, त्यांत तीन बायका. उरलेले दहा आसपासच्या गावांतले: वेल्डर, फिटर आणि त्यांचे मदतनीस. बाहेरच्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. स्थानिक लोक उक्त्यावर होते, ट्रसमागे ठरलेले पैसे.

घाटमाथ्यावर एप्रिलची दुपार तापते, पण रात्र थंड पडते. इथे साइटवर कडुनिंबाच्या सावलीत टांगलेला तापमापक सकाळी नऊला ३६ आणि दुपारी एकला ४३ अंश दाखवत होता. ट्रसवरच्या पर्लिनला (पत्रे बसवायच्या आडव्या लोखंडी पट्टीला) अकरानंतर उघडा हात लावता येत नव्हता. पत्र्याच्या खोल्या रात्री अकरापर्यंत निवत नव्हत्या.

अडचण

साइट सुपरवायझरला काळजी होती ती इगतपुरीच्या बारा जणांची, आणि ती रास्त होती. उन्हात काम करण्याची सवय शरीराला लागते, पण एका दिवसात लागत नाही. पहिल्या तीन ते सहा दिवसांत रक्तातला द्रव भाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. त्यापुढे घाम लवकर सुटू लागतो आणि जास्त येतो. घामातून जाणारे मीठही कमी होते. हे सगळे पुरे व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. त्यासाठी रोज निदान दोन तास उन्हात अंगमेहनत व्हावी लागते. गरम खोलीत नुसते बसून राहिल्याने तेवढे साधत नाही. कामावरचे उष्माघाताचे मृत्यू पहिल्या काही दिवसांतच जास्त होतात, त्याचे कारण हेच.

हवामान खात्याच्या इशाऱ्यावर विसंबून राहण्यात इथे एक खोच आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त असले, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तर उष्णतेची लाट धरतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्याची सरासरीच बेचाळिशीच्या घरात. म्हणजे ४३ अंशांचा दिवस इथे कागदोपत्री नेहमीचा. परवापर्यंत घाटमाथ्यावर राहिलेल्या शरीराला तो नेहमीचा नसतो. इशारा आला नाही म्हणून काम पूर्ण पाळी चालवायचे, हा हिशेब नवख्या माणसाला लागू पडत नाही.

कोरड्या हवेचीही एक फसवणूक असते. दमट हवेत सदरा चिंब होतो, माणूस आपणहून पाण्याकडे जातो. इथे घाम सुटल्याबरोबर वाळतो. अंग कोरडे राहते, घाम येतच नाही असे वाटते, आणि संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर, काखेत मिठाचे पांढरे पट्टे दिसतात. ते पट्टे म्हणजे दिवसभरात गेलेल्या आणि भरून न काढलेल्या घामाची नोंदच.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय नेहमीचा: आठ ते सहा पाळी, मध्ये तासाची सुट्टी, गेटाजवळ पाण्याचे जार. मुकादमाला हाच हवा होता. हजेरी पूर्ण पडते, उचल लवकर फिटते.

दुसरा, सगळे काम रात्री. फरशीच्या काँक्रीटसाठी हा उत्तम. उन्हाळ्यात ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या आत ठेवायचे असते, नाहीतर पाणी भरभर उडून वरच्या थराला तडे जातात. पण ट्रसवर उंचावर, हॅलोजनच्या उजेडात आणि लांब सावल्यांत काम करणे म्हणजे घसरून पडण्याला आमंत्रण. शिवाय दिवसा तापलेल्या पत्र्याच्या खोलीत झोप लागत नाही. दोन रात्री झोप न झालेला माणूस उष्णता आणखी कमी सोसतो.

तिसरा, टप्प्याटप्प्याने. नवख्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्के वेळ उन्हात घालवायचा आणि पुढे रोज २० टक्के वाढवायचा. आठ तासांच्या पाळीत हे साधारण दीड तास, तीन तास, पाच तास, साडेसहा तास आणि पाचव्या दिवशी पूर्ण आठ असे बसते. ज्याला अशा कामाचा अलीकडचा अनुभव आहे आणि मध्ये खंड पडला आहे, त्याच्यासाठी ५०, ६०, ८०, १०० टक्के अशी चार दिवसांची चढण पुरते.

तिसऱ्यात खरी अडचण पैशाची होती. उन्हात दीड तास आणि हजेरी किती? मजुरी तुटणार असेल तर माणूस चक्कर लपवतो, पण उन्हातून उठत नाही. ठेकेदाराने पहिले पाच दिवस पूर्ण हजेरी द्यायचे कबूल केले, आणि उरलेल्या वेळेत सावलीतली कामे दिली: रिंगा वळणे, सळई कापणे, बोल्ट-नट निवडून वेगळे करणे, पत्र्याच्या स्क्रूला वायसर चढवणे. ही कामे कधीतरी करायचीच होती. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. त्याच्याशिवाय बाकीचे वेळापत्रक कागदावरच राहिले असते.

स्थानिक दहा जणांना मात्र या चढणीतून वगळले. "आम्ही इथलेच, आम्हाला काय ऊन दाखवता," असे त्यांचे म्हणणे, आणि उक्त्यावर असल्याने त्यांना सावलीतले काम परवडतही नव्हते. सुपरवायझरने मान डोलावली.

काय केले

वेळ बदलली. पावणेसहा ते पावणेअकरा आणि साडेचार ते साडेसात. मधली वेळ कडुनिंबाखाली. फरशीचे ओतकाम संध्याकाळच्या पाळीला लावले आणि ओतल्यावर लगेच ओले गोणपाट.

पाण्याचा हिशेब नव्याने मांडला. उन्हात दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २५० मिली. तासाला पाऊण लिटर झाले. पूर्ण पाळीतले सहा तास उन्हातले धरले तर माणशी साडेचार लिटर, बावीस जणांना नव्व्याण्णव. साइटवर वीस लिटरचे तीन जार येत होते, म्हणजे माणशी पावणेतीन लिटरही नाही. ते पाच केले आणि अंगावर ओतण्यासाठी टाकीचे पाणी वेगळे ठेवले. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये, हेही सांगितले. नुसते पाणी ढोसल्याने रक्तातले मीठ पातळ होते.

जार कुठे ठेवले याने बराच फरक पडला. गेटाजवळचे जार दीडशे पावलांवर होते आणि निम्मे भरलेले परत जात. ते कामाच्या जागेपासून वीस पावलांत आणले. प्रत्येकाला लिटरची बाटली दिली, तिला ओले गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधले. कोरड्या हवेत ते पाणी माठासारखे गार राहते. सकाळच्या पाळीत एकदा मीठ घातलेले ताक, संध्याकाळी कैरीचे पन्हे. ज्याच्या पोटऱ्यांत गोळे येत त्याला ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाच्या गोळ्या कोणालाही दिल्या नाहीत.

एवढे करूनही तीन बायकांच्या बाटल्या दुपारी भरलेल्याच दिसत होत्या. विचारल्यावर कळले की जायला आडोसा नाही. केळीच्या बागेत सापाची भीती आणि माणसांची वर्दळ, त्यामुळे त्या सकाळपासून पाणीच टाळत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार बांबू, पत्रे आणि शोषखड्ड्यावर बसवलेले भांडे असा संडास उभा राहिला. त्याच संध्याकाळी बाटल्या रिकाम्या झाल्या. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पिण्याचे पाणी आणि संडास दोन्ही बंधनकारक केले होते. पण साइटवर पाण्याची सोय आधी होते आणि संडास राहून जातो. वेगळ्या संडासाविना बायकांच्या पाण्याचा कोणताही हिशेब खरा ठरत नाही.

पहाटेच्या पाळीनेही भार बायकांवरच टाकला. पावणेसहाला कामावर यायचे तर साडेतीनला चूल पेटवावी लागत होती. पहिल्या दोन दिवसांत त्यांची झोप चार तासांवर आली. तिसऱ्या दिवसापासून ठेकेदाराने साडेआठला साइटवर पोहे किंवा भाकरी-पिठल्याचा नाश्ता सुरू केला आणि स्वयंपाक अकरानंतर होऊ लागला.

खोल्यांच्या पत्र्यावर हातभर अंतर सोडून बांबूंवर शेडनेटचे दोन थर ताणले. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) टाकाव्यात अशी एक सूचना होती, पण चुलीची ठिणगी जवळच असल्याने ती सोडून दिली. एक कूलर आणला. पहिल्या रात्री त्याने उबाराच वाढवला, कारण समोरची खिडकी बंद होती. कूलर ओली हवा आत ढकलतो, ती बाहेर जायला वाट लागते. खिडकी उघडल्यावर फरक पडला. तरी बहुतेकांनी बाहेर खाट टाकणेच पसंत केले.

तिसरा दिवस

दुपारची पाळी नाही असे ठरले होते तरी उक्त्यावरचे लोक साडेबारापर्यंत वरच होते. पर्लिनचे दोनच गाळे राहिलेत, संपवूनच उतरू, असे त्यांनी परस्पर ठरवलेले. त्यांच्यातल्या एका फिटरच्या पोटऱ्यांत सकाळपासून गोळे येत होते. चौतीस वर्षांचा, धडधाकट, पाच उन्हाळे याच कामात काढलेला माणूस. अकराच्या सुमारास त्याने डोके दुखत असल्याचे सांगितले, मग मदतनीसावर विनाकारण खेकसला. साडेबाराला खाली उतरला आणि पाना कुठे ठेवला या साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊ लागला.

मुकादमाला वाटले रात्रीची उतरलेली नाही. इथे पाच मिनिटे गेली. सुपरवायझरने त्याच्या मानेला हात लावला, अंग भाजत होते, आणि त्याने पुढचा विचार सोडून दिला. उन्हात काम करणारा माणूस बरळू लागला की तो उष्माघात समजून चालायचे. दारूचा संशय नंतर तपासता येतो.

सावलीत आडवे केले, सदरा-पँट-बूट काढले, टाकीचे पाणी बादल्यांनी सलग ओतत राहिले आणि कूलर ओढून आणून वारा घातला. एकाने १०८ ला फोन लावला. गाडीत घालून थेट दवाखान्यात न्यावे असे दोघांचे म्हणणे होते. सुपरवायझरने ऐकले नाही. आधी थंड करायचे, मग हलवायचे, कारण मेंदूला इजा होते ती अंग चाळिशीच्या वर जितका वेळ राहते त्यावर. तोंडात पाणी घालू दिले नाही, शुद्ध पुरती नसताना ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही नाही, ती उष्माघातावर चालत नाही. रुग्णवाहिका यायला वीस-बावीस मिनिटे लागली. तोवर तो स्वतःचे नाव आणि गाव नीट सांगू लागला होता.

दवाखान्यात त्याच्या घरच्यांकडून जी माहिती निघाली ती कामावर कोणी विचारलीच नव्हती. दिवाळीनंतर तो पुण्याकडे एका शीतगोदामात रात्रपाळीला होता. आखाजीला बहीण माहेरी येणार म्हणून सुट्टी घेऊन आला, सणाचे पाच दिवस कूलरखाली गेले आणि सहाव्या दिवशी थेट ट्रसवर चढला. त्याच दिवशी इगतपुरीचे बारा जण पाच तासांच्या टप्प्यावर होते आणि त्यांच्यापैकी कोणाला गोळाही आला नव्हता.

उन्हाची सवय शरीरात साठून राहत नाही. आठवडाभर उन्हापासून दूर राहिले तर ती बरीच उतरते आणि महिनाभरात जवळपास सगळी जाते. अलीकडेच ती होती आणि थोडा खंड पडला, तर दोन-तीन दिवसांत परत येते. सहा महिने शीतगोदामात काढलेल्या माणसाकडे परत येण्यासारखे काही उरलेले नसते. खान्देशात जन्मलेला असो की घाटमाथ्यावर, त्या दिवशी तो नवखाच. त्याची चढण पाच दिवसांची असायला हवी होती आणि त्याला मिळाली होती शून्य दिवसांची.

त्यानंतरचे बदल

हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवला: गेले पंधरा दिवस कुठे होतात आणि काय काम केलेत? गाव कोणते, हा प्रश्न निर्णयातून वगळला. या एका प्रश्नाने दहा स्थानिकांपैकी आणखी दोघे नवखे निघाले. एक लग्नसराईत बारा दिवस घरी होता, दुसरा तापातून उठलेला. दोघांनाही चढणीवर घेतले.

उक्त्याचा दर तोच ठेवून दिवसाची कमाल मर्यादा घातली. अकरानंतर चढवलेल्या पर्लिनचे पैसे नाहीत. यावर दोन दिवस कुरबुर झाली. दर ट्रसमागे असल्याने कमाई बुडत नाही, फक्त दोन दिवसांनी पुढे जाते, हे हिशेब लिहून दाखवल्यावर ती थांबली.

रोज दोन तपासण्या सुरू केल्या. पाळीआधी आणि नंतर वजन. पाळीत वजन दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरले, म्हणजे पंचावन्न किलोच्या माणसाचे आठशे ग्रॅमच्या वर, तर पाणी कमी पडते आहे. दुसरी नाडी: विश्रांतीला बसल्यावर पहिल्या मिनिटात ११० च्या वर असेल तर पुढचा कामाचा टप्पा एक-तृतीयांश छोटा.

आठव्या दिवशी मुकादमाने पाच जारांचे चार केले. लोकांना सवय झाली, आता पाणी कमी लागेल, असा त्याचा समज. समज सर्रास आढळतो आणि उलटा आहे. सवय झालेले शरीर जास्त घाम गाळते, म्हणूनच थंड राहते, आणि म्हणून त्याला पाणी जास्त लागते. मीठ तेवढे कमी जाते. त्या संध्याकाळी चार जणांचे वजन मर्यादेबाहेर उतरले आणि पाचवा जार परत आला.

परिणाम

इगतपुरीचे बाराही जण दुसऱ्या आठवड्यात पूर्ण पाळी उन्हात करत होते. नाडीच्या वहीत उतार स्पष्ट दिसत होता आणि सदऱ्यांवरचे पांढरे पट्टे फिकट झाले होते. पत्रे ठरल्यापेक्षा चार दिवस उशिरा, पण पहिल्या पावसाआधी चढले. फिटर डॉक्टरांच्या परवानगीने दहा दिवसांनी परतला, पहिल्या दिवशी दीड तास, तोही खाली जमिनीवर.

शरीर दहा-बारा दिवसांत बदलले, सवयी तेवढ्या वेगाने बदलल्या नाहीत. पहाटेची पाळी लोकांनी आठवड्याभरात आपलीशी केली, कारण दुपारची झोप मिळत होती. तहान लागण्याआधी पाणी पिणे मात्र शेवटपर्यंत कोणाच्या अंगवळणी पडले नाही. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजवावी लागली. शिट्टी वाजवणारा मुलगा एक दिवस आला नाही तर त्या दिवशी पाच जारांतला दीड जार उरला.

वेगळे काय करता आले असते

पंधरा दिवसांचा प्रश्न पहिल्याच सकाळी विचारायला हवा होता. त्याला अर्धा मिनिट लागतो. स्थानिकांना वगळताना सुपरवायझरने त्यांच्या आत्मविश्वासावर भरवसा ठेवला, आणि तो आत्मविश्वास खोटा नव्हता, जुना होता.

गोळे, डोकेदुखी, चिडचिड हा क्रम सकाळपासून समोर होता. पोटरीत गोळा आला की त्या दिवसापुरते उन्हातले काम बंद, एवढा एक नियम असता तर पुढचे टळले असते. जोड्या लावून एकमेकांवर नजर ठेवायला सांगणेही सोपे होते, कारण बरळणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही.

कामावर घेताना औषधांची चौकशी झाली नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तो माणूस उन्हात लवकर ढासळतो, त्याने डॉक्टरांना विचारूनच चढणीवर यावे.

छतावरच्या वेल्डिंगचा प्रश्न या साइटवर सुटला नाही. चामड्याचा एप्रन, हातमोजे आणि मुखवटा घातल्यावर घाम उडायला जागाच राहत नाही, आणि ते न घालता काम करू देता येत नाही. सवय झालेल्या वेल्डरलाही वीस मिनिटांच्या टप्प्यांवर ठेवून पाहिले, तरी विश्रांतीतली नाडी ११० च्या खाली येत नव्हती. पुढच्या शेडसाठी जास्तीत जास्त जोड जमिनीवरच वेल्ड करून वर फक्त बोल्टने कसायचे, असा आराखडा फॅब्रिकेटरकडे दिला आहे. त्यात लोखंड थोडे वाढते.